नाना वकिलांचं धुराडं

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की माणसं विचारतात, "काय, बरं आहे ना सगळं?" नाना वकील विचारायचे, "धूर कुठून जाते तुमचा?"

आणि हे विचारताना ते तुमच्याकडे पाहायचेही नाहीत. उंबऱ्यात उभं राहून, काळी टोपी मागे सारून, मान वर करून छताकडे पाहायचे. घरात लग्न असो की सुतक असो, आधी छत आणि मग माणसं. मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा नवी सून पाहायला सगळा शेजार लोटला होता. बायांनी माझं नाक पाहिलं, पाटल्या पाहिल्या. नानांनी आमच्या स्वयंपाकघराची कौलं पाहिली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "सून गोरी आणली तुमी. पण धुराले जागा नाई ठेवली. दिवाळीपर्यंत शेजारच्या शाळेतला फळा होते पाहा तिचा." सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही. मला मात्र हा म्हातारा तिथल्या तिथे आवडला, कारण डोळे चोळत चोळत मी सकाळपासून तेच मनात म्हणत होते!

तर हे नाना. आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. वकिली आधी अकोल्याला केली, नंतर अमरावतीला आले. अंगानं काडी, आवाज मात्र असा की कोर्टात बोलले तर बाहेरच्या पिंपळाखालचे पक्षकार सावरून बसायचे. काळ्या कोटाच्या एका खिशात कायद्याचं पुस्तक आणि दुसऱ्या खिशात उदबत्त्यांचा पुडा. उदबत्ती देवासाठी नव्हे. ती पेटवून दाराशी धरायची, खिडकीशी धरायची, चुलीच्या तोंडाशी धरायची आणि धुराची रेघ कुठे वळते ते डोळे बारीक करून पाहायचं. एकदा सबजज्जसाहेबांच्या दालनात त्यांनी ती पेटवली. साहेबांना वाटलं वकील आपली पूजाच बांधतोय. ते बिचारे हात जोडून उभे राहिले म्हणतात.

"धूर पाहुणा आहे, सूनबाई," नाना मला सांगायचे. "आल्याबरोबर त्याले जायाचा रस्ता दाखवा. नायतर तो घरजावई होते."

मी हसायचे. मग ते हळूच पुढचं वाक्य बोलायचे, जे कुणालाच कळत नसे. "दिसते त्या धुराले भेऊ नका. तो बिचारा सांगून येते."

लोकांच्या कार्यातही त्यांना राहवत नसे. एका रावसाहेबांच्या घरच्या लग्नात आचाऱ्यांनी चुलाणं पेटवली होती. नाना उदबत्ती घेऊन मांडवाभोवती फिरले आणि वारा पश्चिमेचा आहे असा निकाल देऊन सगळी चुलाणं दुसऱ्या टोकाला हलवायला लावली. आचारी शिव्या घालत होते, पण वकिलासमोर बोलणार कोण? पंगत बसली, वरणभात वाढला आणि वारा फिरला. सगळा धूर सरळ पंगतीत! वऱ्हाडी मंडळींना पानात वांगं आहे की भजं तेही दिसेना. नवऱ्या मुलाचे वडील खवळून नानांकडे आले. नाना शांतपणे म्हणाले, "मी काय करू? वारा फितूर झाला."

आता काकूंविषयी सांगते, कारण काकूंशिवाय नाना म्हणजे फिर्यादीशिवाय खटला. गंगाकाकू नानांच्या दुप्पट अंगाच्या आणि चौपट जिभेच्या. नानांनी काहीही केलं, अगदी बाजारातून कोथिंबीर आणली तरी काकूंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ज्याले कोळसे पारखता आले नाईत, त्याले कोथमीर काय समजते!" कोर्टात नाना जिंकून आले तर "कोळसे पारखता आले नाईत, अन् खटले लढून राहिला." हरून आले तर मग विचारूच नका.

या कोळशांची गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, कारण काकूच ती सांगायच्या. त्यांची थोरली मुलगी मालू अकोल्याला माहेरी बाळंत झाली आणि बाळंतिणीच्या खोलीतच गेली, लेकरासकट. पौषातली थंडी. बाजेखाली शेगडी ठेवली होती, पण नानांनी आणलेले कोळसे ओले निघाले आणि पहाटे शेगडी विझली. "साऱ्या अकोल्याची थंडी माया लेकरावर येऊन बसली व माय," काकू म्हणायच्या. नाना समोर असले तर खाली पाहून एवढंच म्हणायचे, "हाव." तेवढ्या एका बाबतीत हा माणूस कधी उलटतपासणी घेत नसे.

आणि त्या वर्षी धाकटी सुमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस पौषात भरत होते. काकूंनी दसऱ्यापासूनच जाहीर करून टाकलं, "यावेळी एक नाई, दोन शेगड्या ठेवीन बाजेखाली. अन् कोळसे मी सोता आणीन. खिडक्याइले गोधड्या लावीन. बघतो कुठून येते थंडी!"

नाना ते ऐकून उठले, कोट घातला आणि परतवाड्याच्या मोटारीत बसून निघून गेले. कुठे, का, काही नाही.

परत आले ते लॉरीत बसून. मागे लॉरीत गवताच्या भाऱ्यांमध्ये एक अवाढव्य लोखंडी पेटी. चिखलदऱ्याला कोण एक साहेब बंगला रिकामा करून विलायतेला चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावात नानांनी ती घेतली होती. पुढून झाकण, झाकणाला काचेचा झरोका, आत लोखंडी जाळी, वर बोकडाच्या मानेएवढं गोल तोंड. गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं तिजोरी आहे, कुणी म्हणालं मेलेल्या साहेबाची पेटी आहे.

"साहेबलोकाच्या भिंतीत चूल राह्यते," नानांनी समजावलं. "त्या चुलीच्या कोनाड्यात ही पेटी बसते. लाकूड आत जळते, ऊब खोलीत येते, अन् धूर वरच्या वर धुराड्यातून आभाळात जाते. खोलीत काई म्हणता काई येत नाई."

लोकांचं हसणं थांबेना. आमची अमरावती म्हणजे काय ठिकाण सांगू? चैत्र लागला की अंगणातल्या हौदात हात घालवत नाही. वैशाखात माणसं ओल्या चादरी पांघरून झोपतात. तिथे या माणसानं विस्तव ठेवायला पेटी विकत आणली!

काकू पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अजी, उनाळा कमी पडून राहिला का तुमाले? का आता मसणात जायाची बी वाट पाह्यवत नाई?"

"सुमीच्या खोलीत बसवतो," नाना म्हणाले. "शेगडी नको."

"शेगडी नको? बाळंतिणीले शेगडी नको?" काकूंचा आवाज आमच्या माडीपर्यंत आला. "ज्याले कोळसे पारखता आले नाईत, तो मले बाळंतपण शिकवून राहिला! पाहा, पौष लागेपर्यंत तुमचं हे भूत चाललं तं ठीक. नायतर दोन शेगड्या. माई पोरगी मी दुसऱ्यांदा थंडीले द्यायची नाई."

झाला करार. पौष लागेपर्यंत पेटी चालली पाहिजे, नाहीतर शेगड्या. गल्लीत पैजा लागल्या. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांनीसुद्धा काकूंच्या बाजूनं पैज लावली.

बरं, पेटी बसवायची तर भिंतीत कोनाडा हवा, आणि आमच्याकडच्या घरांत तो कुठून असणार? म्हणजे आधी भिंत फोडून साहेबाची चूल बांधायची, मग तिच्यात साहेबाची पेटी. बटनासाठी कोट शिवण्यातला प्रकार. नानांनी बाबूमिया गवंड्याला बोलावलं. बाबूमिया मोठा बोलघेवडा. "वकीलसाब, मैंने मीनार बांधी है मीनार! ये चुला क्या चीज है?"

"मीनारीतून कधी धूर काढला का?" नानांनी विचारलं.

"नहीं साब."

"मंग तो पुरावा इथं लागू नाई. लिहून घ्या."

काम सुरू झालं आणि नानांनी कोर्टात जाणं जवळजवळ सोडलं. विटेवर वीट चढायची ती त्यांच्या डोळ्यांसमोर. पेटीचं तोंड आणि धुराड्याची नळी यांच्या सांध्यात केस जाईल एवढी फट राहिली तरी पुन्हा चुना. धुराडं कौलांतून वर जिथे निघत होतं तिथे छताचा एक वासा होता. नानांनी तो कापायला लावला. सागाचा जुना वासा, बाबूमियाचे हात वळेनात. "लाकूड अन् तापलेली वीट हे दोन भाऊ एका घरात नांदत नाईत," नाना म्हणाले. "वीतभर अंतर ठेवा, तंटा नको." आणि धुराडं आढ्याच्याही वर हातभर चढलं पाहिजे, नाहीतर वारा वरून दाबतो, म्हणून ते वाढत वाढत असं गेलं की आमच्या माडीच्या गच्चीवरून समोर फक्त तेच दिसायचं.

एवढं करून गडी थांबला असता तर तो नाना कसला? खोलीच्या दारावर त्यांनी खडूनं कलमं लिहून काढली. मला वाचून दाखवली.

"कलम पयलं. ओलं सरपण हा खोटा साक्षीदार. तडतड लय करते, ऊब काई देत नाई. बाभूळ, तीही वर्षभर वाळलेली. कलम दुसरं. घासलेटाची बाटली या उंबऱ्याच्या आत येणार नाई. कलम तिसरं. पेटीसमोर दोन हात जागेत कापूस, कापड, कागद अन् व्याही बसणार नाईत. कलम चौथं. राख घमेल्यातून अंगणात, टोपलीतून नाई. कलम पाचवं. खिडकीची वरची फट कोणीही, म्हणजे कोणीही, बंद करणार नाई."

"कोणीही म्हणजे मी," मागून काकू म्हणाल्या.

"तसा अर्थ काढाले पक्षकार मोकळा आहे."

धुराडं पुरं झालं त्या संध्याकाळी नानांनी रिकाम्या पेटीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धुराची रेघ जरा डगमगली, मग सुतासारखी सरळ होऊन आत गेली. पाहुणा आपणहून दार शोधून निघून गेला! नानांनी मला हाका मारून मारून बोलावलं. "पाह्य सूनबाई, पाह्य! कसा ओढून राहिला!" त्या वयातला माणूस नाचायचा तेवढा बाकी होता. मला वाटलं आत्ताच लाकूड पेटवतील, पण काकूंनी आडवा हात घातला. पूजा झाल्याशिवाय नव्या चुलीत विस्तव पडणार नाही. गुरुजींनी मुहूर्त दिला दुसऱ्या दिवशी सकाळचा.

सकाळी जो थाट केला तो विचारू नका. रावसाहेब आले. ते पंगतीतला धूर विसरले नव्हते, पण त्यांना आता नानांचा धूर पाहायचा होता. सबजज्जसाहेब आले. दोनचार वकील, आमचे हे, गुरुजी. नानांनी सगळ्यांना आधी अंगणात उभं करून वर बोट दाखवलं. "पाहा, आढ्याच्या वर हातभर." सगळ्यांनी माना वर केल्या. पांढरा चुना दिलेलं धुराडं उन्हात चमकत होतं. रावसाहेब म्हणाले, "व्वा! शोभून राहिलं." मीही म्हटलं, शोभतं खरं.

मग सगळी मंडळी खोलीत. ऊब नीट कळावी म्हणून दार लावून घेतलं. गुरुजींनी मंत्र म्हटले, काकूंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, नानांनी बाभळीच्या ढलप्या रचल्या आणि कापूर लावला.

लाकडं सुरेख पेटली. आणि धूर वर गेला, विचार बदलून परत आला आणि झाकणातून खोलीत शिरला.

आधी थोडा. नाना म्हणाले, "थंड धुराडं आहे, जरा तापू द्या." मग पुष्कळ आला. गुरुजींचा मंत्र खोकल्यात गेला तो परत आलाच नाही. रावसाहेबांचा फेटा कुणाच्या तरी हाताला लागून सुटला आणि त्या दहा हात कापडात आमचे हे आणि एक वकील गुरफटले. दाराची कडी कुणाला सापडेना. शेवटी सबजज्जसाहेबांनी खिडकी उघडली आणि अख्खं न्यायखातं धोतर सावरत खिडकीतून तुळशीवृंदावनावर उतरलं. मी बाहेर होते. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला तरी आवरेना.

सगळ्यांत शेवटी नाना बाहेर आले. पेटीतली जळती लाकडं घमेल्यात काढून, ती वाळूत विझवून, मगच आले. कलम चौथं. तोंड काळं, डोळे लाल. "काल तं ओढून राहिला होता," एवढंच पुटपुटत होते. "काल तं ओढून राहिला होता."

दुपारपर्यंत गावात बातमी. बाररूममध्ये त्यांना पाहून कुणी खोकायचं, भाजीवाला खोकायचा. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोक थांबून, टोपी मागे सारून, वर पाहत विचारायचे, "नाना, धूर कुठून जाते तुमचा?" नानांनी बांबूला खराटा बांधून धुराड्यात खालून पोचेल तिथवर घातला, सांधे पुन्हा लिंपले, पुन्हा पेटवून पाहिलं. धूर घरजावई तो घरजावईच.

पौष तोंडावर आला. सुमी आली, पोट सांभाळत. काकूंनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त दोन नव्या मातीच्या शेगड्या सारवून अंगणात उन्हाला ठेवल्या. नानांना येता-जाता त्या ओलांडाव्या लागायच्या.

एके दिवशी दुपारी नाना आमच्या मागच्या दारानं आले. हे शाळेत, सासूबाई कीर्तनाला. नाना स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या संसारात पहिल्यांदा हा माणूस आमच्या घरात आला आणि त्यानं छताकडे पाहिलं नाही.

"सूनबाई, तू सांग तिले," ते म्हणाले. "शेगडी नको म्हणावं. तुयं ऐकते ती."

"नाना, काकू मालूताईंसाठी घाबरतात. थंडीनं—"

"मालू थंडीनं गेली नाई."

मी चुलीपुढून हात काढला.

"शेगडी विझली नव्हती," नाना म्हणाले. कोर्टातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "चांगली फुलली होती. लालबुंद. कोळसे कसले ओले, खडखडीत होते. पहाटे उठून हिनंच भरली, काठोकाठ. लेकराले थंडी वाजू नाई म्हणून दार लोटलं, फटीत गोधडी कोंबली. सकाळी मी आधी गेलो आत. दोघं झोपल्यासारखी. खोलीत धूर नाई, वास नाई, काई नाई. डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. म्हणाला, बंद खोलीत कोळसा हवा खाऊन टाकते, माणसाले समजत बी नाई."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"पण डॉक्टर येयाच्या आधीच मले समजलं होतं. म्हणून मी लोटाभर पाणी ओतलं शेगडीत. तो चुर्र आवाज अजून ऐकू येते मले, सूनबाई. अन् बाहेर येऊन म्हटलं, शेगडी विझली, कोळसे ओले निघाले, मी आणलेले. सारी वकिली गेली, कधी पुराव्याले हात लावला नाई. तेवढा एकदा लावला. मंग काय करतो? तिच्या हातानं गेली असं सांगतो तिले? ती जगली असती का?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तवापासून बोलते मले. बोलू दे. बोलते तं बरं वाटते. पण आता माया त्याच खोट्यापायी ही दोन शेगड्या ठेवून राहिली पोरीच्या बाजेखाली. खरं सांगू तं ही मरते. नाई सांगू तं…"

नानांनी टोपी उचलली. डोळे पुसले आणि म्हणाले, "ते धुराडं तेवढं चालाले पायजे होतं, बस."

म्हणजे सगळ्या गावाकडून येडा म्हणवून घेतलं, खिसे उदबत्त्यांनी भरले, चिखलदऱ्याहून लोखंड ओढून आणलं, ते एवढ्यासाठी! मला रडू फुटलं. नानांनीच माझी समजूत घातली आणि गेले.

काकूंना काय सांगायचं, कसं सांगायचं, डोकं चालेना. आवळ्याच्या फोडी गच्चीवर वाळत घातल्या होत्या, त्या हलवायला म्हणून वर गेले. फोडी हलवता हलवता समोर पाहिलं तर ते धुराडं. पांढरंशुभ्र, उंच. आणि त्याच्या डोक्यावर ते.

मी ते रोज पाहत होते. अख्खी गल्ली पाहत होती. पूजेच्या दिवशी रावसाहेबांनी पाहिलं, जज्जसाहेबांनी पाहिलं, नानांनी बोट करून दाखवलं. काळं मडकं, पालथं घातलेलं, त्यावर चुन्याचे ठिपके, गळ्यात बिब्बा आणि लाल मिरच्या. आमच्याकडे नवं घर, नवी विहीर, नवा गोठा, काहीही बांधलं की दृष्ट लागू नये म्हणून त्यावर काळं मडकं असतंच. असतंच म्हणून ते कुणाला दिसत नाही. ते नव्या बांधकामाचाच भाग असतं. आणि हे मडकं धुराड्याच्या तोंडावर बरोब्बर पालथं, झाकणासारखं, कडेला चुन्यानं पक्कं केलेलं!

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही.

"काकू! धुराड्यावर मडकं कुणी ठेवलं?"

काकू तांदूळ निवडत होत्या. "मी. बाबूमियाकडून ठेवून घेतलं, पूजेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीले. काऊन?"

नाना ओसरीवर होते. ते उठून अंगणात आले, टोपी मागे सारली आणि वर पाहिलं.

"गंगे," ते म्हणाले, "हे काय केलंस व?"

"मंग काय करू? सारं गाव हसून राहिलं होतं तुमाले!" काकू तांदळाचं सूप घेऊनच उभ्या राहिल्या. "मी बोलतो तुमाले, तो माया हक्क हाय. लोक काऊन हसतीन? म्हटलं, लोकाइची दृष्ट लागीन, अन् माया माणसाचं काम फसीन. म्हून ठेवलं."

नानांनी एकदा मडक्याकडे, एकदा काकूंकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. असे हसले की ओसरीच्या खांबाला धरावं लागलं, आणि मला शेवटी शेवटी समजेना की हे हसणंच आहे ना.

बाबूमियाला बोलावलं. तो म्हणाला, "साब, बाईसाब बोली रखो, मैंने रखा. आपने पूछाच नहीं." मडकं काढायला काकू तयार होईनात, उतरवलं तर दृष्ट लागते. बराच वाद होऊन तडजोड निघाली. धुराड्याशेजारी एक बांबू उभा करून त्यावर मडकं टांगलं, आणि धुराड्याच्या वर वीतभर उंच, चार उभ्या विटांवर पावसासाठी फरशी ठेवली, बाजूंनी मोकळी. नानांनी बाभूळ रचली. कापूर लावला. सुमीसकट आम्ही चौघं दम धरून उभे.

धूर एकदा डगमगला, आणि वर गेला. सरळ वर. जाळ घुमायला लागला, झाकण लावलं, आणि थोड्या वेळात त्या खोलीत अशी कोरडी, गोड ऊब भरली की सुमी तिथेच भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माय वं, बरं वाटते."

काकू पेटीकडे पाहत राहिल्या. मग अंगणात गेल्या, दोन्ही शेगड्या उचलल्या आणि आमच्या ओसरीवर आणून ठेवल्या. "घे इंदू. पापड भाजाले होतीन. मायाच मडक्यानं इतका तमाशा झाला, आता कोणत्या तोंडानं शेगडी ठेवू?" मी नानांकडे पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली होती.

सुमीला मुलगी झाली. त्या सगळ्या दिवसांत नाना खोलीच्या दाराबाहेर घोंगडी घालून बसलेले असत. उदबत्ती पेटवायची, दाराच्या फटीशी धरायची, धूर आत ओढला जातोय ना ते पाहायचं, विझवायची, परत पेटवायची. पाहायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "केवढे देवभक्त झाले वकीलसाहेब!" काकू म्हणायच्या, "काई देवभक्त नाई. येड हाय ते."

पुढे कैक वर्षांनी नाना गेले. सुमीची मुलगीही सासरी गेली. काकू आता एकट्याच, त्याच खोलीत झोपायच्या. पौष आला की मी संध्याकाळी जाऊन पेटी पेटवून द्यायचे, कलमांप्रमाणे. दारावरचा खडू पुसला होता, पण मला पाठ होती.

अशाच एका संध्याकाळी जाळाकडे पाहत काकू म्हणाल्या, "इंदू, एक सांगू का? जन्मभर बोललो मी त्याइले कोळशापायी. एक दिवस सुना गेला नाई. पण ही पेटी पाह्यली की वाटते, माणूस चांगला होता. माफ केलं मी त्याइले. जिते होते तवाच सांगाले पायजे होतं, नाई का?"

सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं. मी चिमटा घेऊन लाकूड उगीच इकडचं तिकडे केलं.

"त्यांना माहीत होतं, काकू."

"हाव?"

"हाव."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. परत पुसले. "धूर येऊन राहिला वाटते व. डोये चुरचुरून राहिले."

खोलीत धुराचा मागमूस नव्हता. नानांचं धुराडं सुतासारखं ओढत होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "सरपण ओलं निघालं. मीच आणलं होतं."

"तुले बी पारखता येत नाई?" काकू म्हणाल्या, आणि माझ्या पाठीत एक हलकी चापट मारून हसल्या.